वाट्याला आलेलं मूळ

आमच्या हिला शाळेत 'मुळाबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या जवळून. सहावी-सातवीला ती इंग्रजी शिकवते आणि शब्दांची घोकंपट्टी हा तिचा जन्माचा वैरी. शब्द पाठ करायचा नसतो, फोडायचा असतो, हे तिचं ब्रीद. इंग्रजीतले कितीतरी शब्द लॅटिन आणि ग्रीक मुळांवर उभे आहेत, एक मूळ हाती आलं की त्याच्यामागून दहा शब्द आपल्या पायांनी चालत येतात, असं ती पालकसभेत सांगते, जेवताना सांगते आणि मी झोपलेलो असलो तरी सांगते. त्याच शाळेत मी हस्तकला शिकवतो. मला 'करवत सर' म्हणतात, कारण शिकवताना माझा आवाज तसा लागतो म्हणे. तेव्हा नावाच्या बाबतीत आमचा जोडा अगदी शोभून दिसतो.

तिच्या पद्धतीला लागणाऱ्या चकत्या माझ्याच हातच्या. प्लायवूडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून गोल कापायचे, काठ पॉलिशपेपरने घासायचे, मधोमध तापल्या तारेने एक मूळ डागायचं आणि वरच्या भोकात सुतळी ओवायची. वर्षाच्या सुरुवातीला ती या चकत्या एका कापडी पिशवीत घालते आणि प्रत्येक मुलाला आत हात घालून एकेक काढायला लावते. जे येईल ते त्याचं वर्षभराचं मूळ. दर आठवड्याला त्या मुळाचा एक नवा शब्द शोधून आणायचा, वर्गात तो फोडून दाखवायचा, आणि धड्यात कुठेही आपलं मूळ आलं की उभं राहायचं. तिच्या तासाला हजेरीसुद्धा मुळांनी होते. 'पोर्ट', म्हणजे वाहून नेणं, हजर. 'टेली', म्हणजे दूर, हजर, आणि तो खरंच शेवटच्या बाकावर. चांगलं या अर्थाचं 'बेने' यंदा ज्या कार्ट्याला आलं त्याचं दुसऱ्याच दिवशी 'बेणं' झालं, आणि त्याने ते नाव वर्षभर सार्थ केलं.

अदलाबदल मात्र करायची नाही, हा तिचा पक्का नियम. पद्धत नवी होती तेव्हा मुलांनी आपापसात सौदे केले होते. सगळ्यांना सोपी मुळं हवी, अवघड मुळांना कुणी वाली नाही, आणि वर्षअखेर कुणालाच काही येईना. तेव्हापासून वाट्याला आलं ते आपलं. मुलांना हे आवडायचंही. आपलं असं काहीतरी कुणी बदलून घेऊ शकत नाही, याची त्या वयात ऐट असते.

यंदाच्या सहावीत एक मुलगी होती. किडकिडीत, कमी बोलणारी आणि विलक्षण जपणारी. खोडरबरालासुद्धा कागदाचं वेष्टन घालायची. माझ्या तासाला लाकडाचा काठ घासावा तर तिनेच. गालावरून फिरवला तरी टोचणार नाही असा करायची. तिने पिशवीत हात घातला आणि तिला 'रप्ट' आलं. रप्ट म्हणजे तुटणं, फुटणं. त्या दिवशी कुणाच्या मनात काही आलं नाही. हिच्याही नाही. मूळ चांगलं मेहनती आहे, पुष्कळ शब्द देईल, असं ही घरी आल्यावर म्हणाली होती.

हिचा वर्ग आणि माझी कार्यशाळा यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे, आणि ती छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तिकडे करवत ऐकू जाते आणि इकडे लॅटिन. पहिली सहामाही अर्धी झाली असेल, तेव्हा एकदा पलीकडे काडकन आवाज झाला. त्या मुलीच्या बाकाचा पाय मोडला होता. बाक भुंग्याने पोखरलेलं होतं आणि मी ऑफिसात ते सांगून थकलो होतो, पण मोडायचा मुहूर्त ती बसल्यावरच यायचा होता. वर्ग हसला. आणि आमच्या बाईसाहेब, ज्यांना पडत्या भिंतीतही उदाहरण दिसतं, त्या म्हणाल्या, बघा, मुळं कशी जिवंत असतात, रप्ट बसली आणि बाक मोडलं. लगेच फळ्यावर 'रप्चर' लिहून झालं. ती मुलगीही गुडघा चोळत हसली. भिंतीच्या अलीकडे मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

तिथून खेळ सुरू झाला. खडू तुटला, रप्ट. दिवा गेला, रप्ट. कुणाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. ज्वालामुखीचा धडा आला आणि 'इरप्ट'साठी ती उभी राहिली, तेव्हा टाळ्या पडल्या. ती दर आठवड्याला इमानाने शब्द आणत होती. इंटरप्ट, म्हणजे मध्येच तोडणं. करप्ट, म्हणजे आतून फुटलेलं. बँकरप्ट, म्हणजे दिवाळं. एकही शब्द चुकला नाही. ही घरी तिचं कौतुक करायची, की सगळ्या वर्गात एवढं मन लावून काम करणारी तीच. बाकीच्यांचं चुकतं, उशिरा येतं, तिचं कधी नाही. शब्द पाहताना शब्द आणणारीकडे पाहायचं राहून गेलं.

मला कळलं ते माझ्या तासाला. मुलं काचेच्या झाकणाची पेटी करत होती. काचेचे तुकडे मी पुढच्या बाकावर दिले, हातोहात मागे पाठवा म्हटलं. काच तिच्या बाकापाशी आली की पुढची पोरगी उठायची आणि तिच्या डोक्यावरून हात लांब करून मागच्याला द्यायची. एकदा झालं, दोनदा झालं. ती मान खाली घालून बसली होती आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. मी विचारलं, तुझी काच कुठे आहे. म्हणाली, सर, मी नुसती बघते. तेवढ्यात शेजारच्या मुलाने, अगदी पाऊस पडतो म्हणून छत्री घेतो अशा सुरात, मला समजावून सांगितलं, "सर, तिच्या हातात दिलं की फुटतं ना, म्हणून."

मी ओरडलो. करवत सर खरोखर करवतीसारखे ओरडले. मुलांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि मी पाठ फिरवल्यावर काच पुन्हा तिच्या डोक्यावरूनच गेली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी हिला सगळं सांगितलं. आधी ही म्हणाली, मुलं आहेत, दोन दिवसांत विसरतील, तुम्ही उगाच राईचा पर्वत करता. मग सुरी तशीच धरून उभी राहिली. वह्या वाटताना गठ्ठा त्या मुलीच्या बाकापाशी आला की पुढचीच मुलगी उठून तो मागे देते, हे तिने कितीदा पाहिलं होतं. वाटलं होतं, पोरगी जरा आळशी झालीय. खो-खोत तिला कुणी घेत नाही, हेही पाहिलं होतं. वाटलं होतं, खेळात कच्ची असेल. एकेक आठवत गेलं तशी ती स्टुलावर बसली. भाजी त्या दिवशी मी चिरली.

"मी नाव ठेवलं तिला," ती म्हणाली. "चारचौघांत, बाक मोडलं तेव्हा. मीच."

मी म्हटलं, मुलांनी उचललं ते मुलांनी उचललं. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. उद्याच नियम मोडते, म्हणाली, चकती बदलून देते. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तिने स्वतःचा नियम मोडल्याचं मला आठवत नव्हतं, आणि मोडते तर चांगल्या कामासाठी मोडते, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मी रंधा खाली ठेवून भिंतीशी कान लावला. ही म्हणाली की यंदा एक गंमत करू, एका मुळाची अदलाबदल करू. त्या मुलीला तिने पुढे बोलावलं आणि वर्गाला विचारलं, हिच्याशी चकती कोण बदलून घेतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तिला वाटलं होतं, दहा हात वर होतील. मुलं आपल्यावर जीव टाकतात, आपण मागितलं तर देतील. इतकी वर्षं मुलांत काढून तिला हे कळू नये, याचं मला आजही नवल वाटतं. पण ती शब्दांची माणूस. सगळं सोडवायचं तर ते सगळ्यांसमोर फळ्यावर लिहून सोडवायचं, हीच तिची सवय.

पलीकडे आवाज नव्हता. मी फळीच्या फटीतून पाहिलं. ती पोरगी फळ्याशी उभी होती, चकती छातीशी धरून, आणि सगळा वर्ग बाकांवरच्या रेघा मोजत होता. बेण्याने, खरंच त्याच बेण्याने, हात अर्धा वर केला. शेजाऱ्याने कोपर मारला आणि तो हात केसांतून फिरून खाली आला. ही पुन्हा म्हणाली, कुणीच नाही का. तेव्हा ती मुलगी बोलली.

"राहू द्या, बाई. कुणी नका घेऊ," ती म्हणाली. "घेतलं तर त्यांचं पण फुटेल."

कुरकुर नव्हती त्यात. इतरांना जपत होती ती. आपल्या खोडरबराला जपायची तशी.

हिने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हणाली, धर, बघू कसा फुटतो ते, काही होत नाही. मुलीने हात मागे नेले. ही आर्जवं करत होती आणि ती मागे मागे सरकत फळ्याला टेकली. शेवटी चष्मा तिच्या बाकावर ठेवून ही शिकवायला लागली. तासभर तो तिथेच पडून होता. ती मुलगी अंग चोरून बाकाच्या टोकाला बसली होती, आणि आमची ही चष्म्याशिवाय पुस्तक हातभर लांब धरून वाचत होती. तास संपल्यावर हिनेच तो उचलला.

घरी मी म्हटलं, "अगं, सगळ्यांच्याच परत घे. कुणाकडेच चकती नको. हजेरी नावांनी घे. खेळ संपेल."

तिने पदराने चष्मा पुसला. मग म्हणाली, प्रदर्शन तोंडावर आलंय. ते खरंच होतं. वर्षअखेरीला मुलं आपापल्या चकतीसह हॉलमध्ये उभी राहणार, पालकांना आपल्या मुळाचे सगळे शब्द फोडून दाखवणार. यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बाहेरच्या शाळांतले शिक्षकही बोलावले होते. पद्धत पसंत पडली तर सगळ्या वर्गांना लागू व्हायची होती. बोलावणी गेली होती, तक्ते रंगवून झाले होते. ज्यासाठी तिने उभी हयात घातली, ते आता कुठे कुणीतरी बघायला येत होतं. एवढं झालं की चकत्या परत घेते, म्हणाली. एवढंच होऊ द्या.

मीही फार ताणलं नाही. प्रदर्शनाचे स्टँड माझ्याकडेच होते, आणि ते मला छान जमत होते.

मधल्या दिवसांत तिने वर्गाला समजावून पाहिलं. हात लावून काही फुटत नसतं, मूळ हे फक्त मूळ असतं, वगैरे. पालथ्या घड्यावर पाणी. मुलं मान डोलवायची आणि वह्या त्या मुलीला ओलांडून पुढे जायच्या. ही तिला एकटीला बोलावून विचारायची, काही त्रास आहे का. ती म्हणायची, नाही बाई. आणि शब्द आणणं तिने थांबवलं नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. शेवटच्या आठवड्यातही तिने 'अब्रप्ट' आणला. अचानक तुटलेलं. तो तिने उभं राहून नीट फोडून दाखवला.

प्रदर्शनाला ती आली नाही.

बाकी सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. 'टेली' आणि 'स्कोप' यांनी एकत्र उभं राहून दुर्बीण समजावली. बेण्याने आपल्या मुळावर असं भाषण ठोकलं की त्याचे वडील रुमालाने डोळे पुसत होते. बाहेरच्या शिक्षकांनी चकत्या हातात घेऊन पाहिल्या, आणि मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या वर्षी पद्धत सगळ्या वर्गांना. ही हसत होती, हात जोडत होती, आणि मधूनमधून त्या रिकाम्या स्टँडपाशी जाऊन तक्ता सरळ करत होती. तो सरळच होता. कुणा पाहुण्याने विचारलं, इथली मुलगी कुठे आहे, तर म्हणाली, बरं नाहीये तिला. दरवर्षी प्रदर्शनानंतर ती दोन दिवस मला हेच सगळं पहिल्यापासून सांगत असते. यंदा घरी येऊन भांडी घासत बसली.

मग परीक्षा झाल्या आणि सुट्टी लागली. मुलांनी चकत्या जमा केल्या. दुसऱ्या एका शाळेने नमुना मागितला होता, म्हणून मी थोड्या नव्या चकत्या करून खोक्यात भरल्या आणि आम्ही दोघं पोस्टात गेलो. काउंटरवर एक बाई होत्या, हसऱ्या, कामाला चटपटीत. त्यांनी खोकं काट्यावर ठेवून आत काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, लाकडी चकत्या, शाळेच्या. त्यांनी वर पाहिलं आणि हिला ओळखलं.

"तुम्ही मूळवाल्या बाई ना? माझी मुलगी तुमच्याच वर्गात होती की."

त्यांनी मुलीचं नाव घेतलं तेव्हा हिने काउंटरची कड धरली. त्या मोकळेपणी बोलत होत्या. पावतीवर शिक्का मारता मारता म्हणाल्या, कार्यक्रम रद्द झाला हे ऐकून फार चुटपुट लागली हो. मी तर रजासुद्धा मागून ठेवली होती. मुलगी आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, हॉल मिळाला नाही, म्हणून आता होणार नाही. मग त्या रजेत दोघी घरीच बसल्या, पत्ते खेळल्या.

मी हिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची वेळ आली की हिचे कान लाल होतात, आणि म्हणून ती सहसा त्या वाटेला जात नाही.

"हो," ती म्हणाली. "रद्दच करावा लागला."

त्यावर त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी आम्ही तिला दुसऱ्या शाळेत घालतोय. शाळेबद्दल काही तक्रार नाही बरं का, तिचाच हट्ट. का ते सांगत नाही. या वयात काय शिरेल डोक्यात, कुणी सांगावं. मग खोकं मागच्या फळीवर ठेवता ठेवता त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या पुन्हा काउंटरशी आल्या.

"एक विचारू का, बाई? तिचं मूळ कुठलं होतं हो? वर्षभर विचारतेय. म्हणायची, कार्यक्रमात कळेल. कार्यक्रम झाला नाही आणि ते राहूनच गेलं."

मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं.  मला वाटलं, ही सांगेल. एका शब्दाचं तर काम होतं, आणि त्या शब्दात तसं पाहिलं तर काहीच नव्हतं.

"'क्युरा'," ती म्हणाली. "लॅटिन आहे. म्हणजे काळजी घेणं. जपणं."

अशी चकती मी कधी केलीच नव्हती.

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, अगदी तिचंच आहे हो, घरातली काचेची भांडी तीच पुसून ठेवायची, मला हात लावू द्यायची नाही. हल्ली काही दिवस शिवत नाही, कंटाळली असेल. पण कसं बरोबर ओळखलंत तुम्ही मुलीला. आज घरी गेले की सांगतेच तिला, बाई भेटल्या होत्या आणि तुझं मूळ मला सांगितलं म्हणून.

"सांगा," ही म्हणाली.

बाहेर आल्यावर ती पायरीवरच थांबली. मी पावती खिशात घातली आणि म्हटलं, बरं केलंस, त्या माउलीला कशाला उगाच दुखवायचं. तिने मान हलवली.

"अहो, वर्षभर मी त्या पोरीला सांगत होते, मुळात वाईट काही नसतं," ती म्हणाली. "आणि आज तिच्या आईपुढे मलाच ते सांगता आलं नाही. आता घरी जाऊन आई तिला 'क्युरा' म्हणेल. तेव्हा ती समजून जाईल, की बाईंनासुद्धा भीती वाटली."

 परत आत जाऊन खरं सांगावं, असं दोघांच्याही मनात आलं असणार, कारण दोघंही दाराकडे वळून पाहत होतो. काचेपलीकडे त्या बाई पुढच्या माणसाचं पाकीट काट्यावर ठेवत होत्या. त्याच्याशी बोलताना त्या अजून हसत होत्या. मग आम्ही पायऱ्या उतरलो.